पुढचं वाचून दाखवाचं राह्यलं होतं

त्या सकाळी मोहाच्या झाडाखाली कोन कोन होतं ते आधी सांगतो. मी होती. माझी पाच वर्साची पोरगी होती, फडक्यावर निजलेली. शेजारची गोंड बाई होती, जिले मी काकी म्हनो. तिचा नवरा होता, ज्याले सारं गाव भाऊ म्हने. आन् माझी सासू होती. माझा नवरा नव्हता, तो आधीच्या पावसाळ्यात हिवतापानं गेला होता. एवढेच आम्ही. त्यातले आता मी आन् पोरगी राह्यलो.

आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या बाया म्हनतात, या बुढीचं सकाळचं वाचन कधी चुकत नाई, अंगात ताप असो का घरात लग्न असो. नव्या सुना आल्या का त्याईच्यापुढं माझं नाव घेतात. मी खाली पाहून बसतो. मागच्या बैठकीत एका सुनेनं विचारलं, "आजी, तुम्हाले सवय लागली तरी कशी? मले तर चूल, पोरं, ड्युटी, याच्यातून देवासाठी पाच मिंटं भेटत नाईत." मी म्हनलं, लिहून देतो. चार बायांमधी तोंडानं सांगनं मले जमलं नसतं. मी मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत शिकली. लिहिन्यात चुकलं असेल तर समजून घ्या.

आमचं गाव पोंभुर्ण्याच्या अंगाले, जंगलात. तवा चांदा, म्हनजे आताचं चंद्रपूर, मध्यप्रदेशात होता. गावात ख्रिस्ती घरं तीन. देऊळ म्हनजे मातीच्या भिंती आन् वरतं गवत. पाळक महिन्यातून एकदा सायकलवर येत, बाकीचे रविवार माझा नवराच उपासना चालवे. तो जंगलात लाकडं तोडाच्या कामावर जाय. हातात कुऱ्हाड घेनारा मानूस, पन शास्त्र, म्हनजे बायबल, वाचाले बसला का आवाज असा मऊ होऊन जाय का मले लग्नाच्या पयल्या सालात नवलच वाटे.

त्यानं घराले एक नियम लावला होता. सकाळी उठलं का वाचन होईस्तोवर कोनी बोलाचं नाई. तोंड धुवाचं, मुक्यानं येऊन बसाचं, तो वाचे, मंग प्रार्थना, मंग आमेन. आमेन झाल्यावरच चूल पेटे आन् तोंडं उघडत. तो म्हने, दिवसाचा पयला शब्द आपला नसावा. पोरगी रांगत होती तवा तिले हे काय समजनार, ती रडे, तर सासू तिले कडेवर घेऊन बाहीर उभी राहे आन् दारातून कान देऊन ऐके.

तो पानामागून पान वाचे, एकबी सोडत नसे. मधी मधी नुसत्या नावांच्या याद्या येत, ह्याले तो झाला, त्याले तो झाला. मले झोप ये. सासू मातर मान हालवत बसे. मी एकदा म्हनलं, "माय, याच्यात तुम्हाले काय समजते?"

"काय समजाचं? कोनाचे तरी बाप-आजे आहेत, बाई. ऐकून घ्यावं."

सासूले अक्षर येत नव्हतं. डोळ्यातबी सारा, म्हनजे मोतीबिंदू, आला होता. समोरचं मानूस आहे एवढं दिसे, कोन आहे ते आवाजावरून समजे. तिले जे शास्त्र माहीत होतं ते सारं पोराच्या तोंडून ऐकलेलं.

त्या पावसाळ्यात नवऱ्याले हिवताप आला. एक दिवस आड थंडी वाजे, तरी तो उठून बसे आन् वाचे. शेवटच्या दिवशी जे वाचलं त्यात एका राजाची गोष्ट होती. राजा दुखन्यानं पडला, यातून तू काई वाचत नाईस असा त्याले देवाचा निरोप आला, तर त्यानं भिंतीकडं तोंड केलं आन् रडला. एवढं वाचलं आन् नवऱ्याले अशी हुडहुडी भरली का त्याच्यानं पुस्तक धरवेना. त्यानं त्या जागी टेंभुरनीचं पान ठेवलं आन् म्हनलं, "पुढचं उद्या."

त्या उद्याले तो उठलाच नाई. तीन दिवस तापात बडबडला आन् चौथ्या दिवशी गेला. चांद्याले न्याव तर नाल्याले पूर, बैलबंडी उतरे ना.

माती दिली त्याच्या तिसऱ्या का चौथ्या दिवशी सासू म्हने, "बाई, आता तू वाच. तुले येते ना. तो जिथी थांबला तिथून."

मी हो म्हनलं. आन् त्याच दुपारी, ती बाहीर बसली असताना, मी पुस्तक उघडून पाह्यलं. पुढं काय आहे ते आधी आपन पाहून घ्यावं, मंग तिच्यापुढं वाचावं, असं मनात होतं. तर पुढं लिहिलं होतं का देवानं त्या राजाचं रडनं ऐकलं. राजा बरा झाला. आनखी पंधरा वर्सं भेटली त्याले.

मी पान जसं होतं तसं ठेवून पुस्तक मिटलं. हे मी बुढीले कसं वाचून दाखवू? तिच्या पोरानं बी भिंतीकडंच तोंड केलं होतं. तिनं आन् मी दोघीनं प्रार्थना केली होती, रडून केली होती. त्या राजाले पंधरा वर्सं आन् आमच्याले पंधरा दिवस नाई. असं कसं वाचाचं तोंडानं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हनलं, "माय, आज धान रोवन्याले लवकर जाचं आहे. उद्या वाचू." ती काई बोलली नाई. वाचन झालं नव्हतं ना.

मंग तेच होत राह्यलं. रोवना झाला, निंदन आलं. निंदन झालं, धानकापनी आली, मंग दुसऱ्याच्या घरचं धान कांडन आलं. घरात मानूस नाई, दोन तोंडं माझ्यावर. काम होतं हे खरं आहे, कोनी खोटं म्हनू नये. पन त्या कामाच्या आड मी लपली होती हेबी खरं आहे, आन् हे मी आजवर कोनाले सांगतलं नाई.

एकदा म्हनून पाह्यलं, "दुसरं काई वाचू का? गीत वाचतो एखादं."

"पान चुकवाचं नाई," सासू म्हने. "त्यानं एकबी चुकवलं नाई."

आन् तिनं नियम सोडला नाई. मी पहाटे उठून कामाले लागो, ती उठून तोंड धुवे आन् पुस्तक मांडीवर घेऊन दारात बसे. मुकी. पोरीले खुनेनंच जवळ बोलावे, खुनेनंच पेज वाढे. सूर्य डोक्यावर आला म्हनजे समजून घे का आज बी वाचन होत नाई. मंग आपल्याच शब्दात देवाजवळ दोन गोष्टी बोले, आमेन म्हने आन् मंग तोंड उघडे.

काकीनं हे पाह्यलं. ती काई ख्रिस्ती नव्हती, पन घराले घर लागून. एक दिवस कांडताना मुसळ थांबवून म्हने, "तुझी सासू दुपारपर्यंत मुकी काऊन राह्यते? भांडन झालं का तुमचं?"

"भांडन नाई. वाचन व्हाचं आहे."

"मंग वाच ना. चार ओळी वाचाले का बैल जुपा लागते?"

मले तिचा राग आला. मी मुसळ जोरानं हानलं.

संध्याकाळी थकून येवो तर सासू म्हने, आता वाचतेस का? मी म्हनो, दिव्याले तेल नाई. तेल असलं तर म्हनो, डोळे मिटून राह्यले. एकदा तर मी चिडली. "माय, देवाले मालूम आहे मी किती राबून राह्यली ते. तो काई माझ्यावर रागावून बसला नाई."

ती म्हने, "देवाले मालूम आहे, बाई. मले मालूम नाई ना, त्या राजाचं पुढं काय झालं ते."

मी चुलीत लाकूड सारत राह्यली. तवाच सांगून टाकलं असतं तर. एका ओळीचं काम होतं.

फागुन सरता सरता मोहफुलं पडाले लागली. ज्यानं वेचली त्याले सांगा लागत नाई. फूल पहाटे गळते. उजाडाच्या आत झाडाखाली जा लागते, नाईतर गाई, हरनं, सारे खाऊन टाकतात. आमचे दोन मोह होते, एक गावाच्या जवळ, दुसरा नाल्याच्या काठाले. खालचा पाला जाळून जागा साफ केलेली. टोपली भरून आनाची, आंगनात वाळवाची, त्याच्यावर पावसाळ्यातले उपाशी दिवस निघत. इस्टर दरवर्सी मोहाच्या दिवसातच ये. पाळक हसून म्हनत, "या महिन्यात देवळात मी आन् खांबच राह्यतो." त्या साली ते आले तवा सासूनं त्याईले काई सांगतलं असेल, कारन मले बाजूले घेऊन म्हनले, "ताई, सकाळचं ताजं मोहाले आन् रातचं शिळं देवाले, असं किती दिवस?"

मी म्हनलं, "सायेब, मोह माझी वाट पाहत नाई."

ते आमच्या दाराकडं पाहाले लागले. वाट कोन पाहून राह्यलं होतं ते दारातच बसलं होतं.

त्याच्या दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सासू म्हने, "तुले घरी बसाले फुरसत नाई तर मीच येतो झाडापाशी. तू टोपली भर, मधी दम घेशील तवा वाच."

मले हसू आलं. "या ना. फुलं वेचाले दोन हात तरी वाढतील."

मी मस्करीत बोलली. तिनं ते मनावर घेतलं.

आता एक गोष्ट सांगा लागते. मोहाच्या दिवसात आमच्याकडं कोनी मुक्यानं झाडाखाली जात नाई. अस्वलाले मोहफूल बहुत आवडते, तेबी पहाटेच येते. म्हनून लांबूनच हाळी द्याची, खोकलाचं, मोठ्यानं बोलाचं, खोडावर कुऱ्हाडीचा दांडा ठोकाचा. अस्वल आवाज ऐकून आपल्या वाटेनं जाते. मुकाट गेलं आन् अंगावर गेलं तरच ते धरते. हे लहान पोराले बी माहीत. सासूले तर माझ्याहून जास्त माहीत, तिचा जन्म त्याच जंगलात गेला.

त्या पहाटे ती निजली आहे असं समजून मी पोरीले खांद्यावर घेऊन निघाली. पोरीले बारीक ताप होता, घरी ठेवाचं मन नाई झालं. काकी आन् भाऊ बरोबर होते, भाऊ पुढं हाका मारत होते. जवळच्या मोहाखालची फुलं आम्ही वेचली आन् नाल्याकाठच्या झाडाकडं गेलो. पोरीले फडक्यावर निजवलं. उजाडाले लागलं होतं, एकमेकाचं तोंड दिसत होतं.

सासू आमच्या मागून निघाली. पदरात पुस्तक बांधलं, हातात काठी घेतली. वाट तिच्या पायाले ठाऊक होती. मी जवळच्या झाडाखाली असेन असं समजून ती तिथी गेली. आम्ही तिथून हाललो आन् अस्वल तिथी आलं होतं, राह्यलेली फुलं खात होतं. तिले दिसलं नाई. आन् तिनं हाळी दिली नाई, खोकलली नाई, काई नाई. वाचन व्हाचं होतं.

आम्हाले अस्वलाचा आवाज आला. मानसाचा आवाज आलाच नाई, म्हनून आधी समजलं नाई. भाऊंनी कुऱ्हाड उचलली आन् बोंबलत पळाले, मी आन् काकी मागं. आम्ही पोचलो तवा ते जंगलात शिरून राह्यलं होतं. सासू खोडाले टेकून बसली होती. डोक्याची कातडी कानापर्यंत निघाली होती. एक खांदा फाटला होता. शुद्धीवर होती.

मी पदर फाडून तिच्या डोक्याले बांधला. म्हनलं, "माय, हाक काऊन नाई मारली?"

तिनं पदराच्या गाठीवर हात ठेवला. बोलली नाई.

भाऊ काकीले म्हनले, "तू पोरीजवळ जा. मी बंडी आनतो," आन् गावाकडं पळाले. मी आन् सासू दोघीच राह्यलो. ती माझ्याकडं तोंड करून बसली होती. मी गाठ सोडली, पुस्तक काढलं, टेंभुरनीचं पान होतं तिथी उघडलं. पान पार वाळून गेलं होतं, हात लागताच त्याचा चुरा झाला. मी वाचलं. आठ महिने जे वाचलं नव्हतं ते मोहाखाली, तिचं रगत माझ्या हाताले लागलेलं असताना वाचलं. एकबी ओळ सोडली नाई. राजा रडला इथून घेतलं आन् राजा बरा झाला, पंधरा वर्सं भेटली, इथपर्यंत वाचलं. मंग आमेन म्हनलं.

तिनं बी आमेन म्हनलं. तवा पयल्यांदा तोंड उघडलं.

"म्हनजे वाचला तो?"

"वाचला, माय."

"तुले माहीत होतं?"

मी खोटं बोलू शकली नाई. "होतं."

तिनं डोळे मिटले. मले वाटलं शुद्ध गेली. मंग म्हने, "बरं झालं. कोनाचं तरी पोरगं वाचलं." आन् आनखी म्हने, "एवढ्यासाठी लपवलं होय. येडी आहेस."

एवढंच. मले ती रागावली असती तर बरं वाटलं असतं.

बंडीनं पोंभुर्ण्याले, तिथून मालमोटारीनं चांद्याच्या दवाखान्यात नेलं. तिथं ती दोन दिवस होती. दोन्ही सकाळी मी तिच्या उशाशी बसून पुढचं पान वाचलं. बाजूच्या खाटेवर एक मुसलमान म्हातारी होती, तिबी तिकडं कान देऊन ऐके आन् तिच्या सुनेले चूप कर म्हनून खुनावे. तिसऱ्या दिवशी मी पुस्तक उघडलं तवा सासूचे डोळे उघडे होते, पन ती गेली होती. मी तरी वाचलं. नर्सबाई आली, उभी राह्यली, मंग तिनं चादर ओढली.

गावात लोकाईनं आपआपल्या परीनं बोलून घेतलं. आमच्याच मंडळीतला एक जन म्हने, सुनेनं देवाले मागं टाकलं म्हनून देवानं अस्वल धाडलं. मी पाळकाले विचारलं, असं आहे का? ते सायकलवर चढत होते, खाली उतरले. म्हनले, "मले नाई वाटत असं. पन काऊन झालं हेबी मले सांगता येत नाई." त्याईनं एवढं खरं सांगतलं म्हनून मी देवळात जानं सोडलं नाई. माझं म्हनाल तर अस्वल फुलं खाले आलं होतं. देवानं त्याले धाडलं नव्हतं. पन बुढीले त्या झाडापर्यंत चालत मीच आनलं, एवढं मी जानतो.

सासूले माती दिली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी आधी वाचाले लागली. मोहाच्या दिवसात बी. पोरगी आन् मी दोघीच. फुलं वेचाले जावो तवा उजाडून जाय, अर्धी हरनं खाऊन गेलेली असत. काकी म्हने, "आता कोनासाठी वाचतेस? बुढी तर गेली." मी म्हनो, पोरगी ऐकते. खरं म्हनजे पयले दोन-तीन वर्सं मी कोनासाठी वाचत होती ते मलेच समजत नव्हतं. देवासाठी म्हनाव तर देवाशी माझं मन लागत नव्हतं. त्या राजाचं पान आलं का अजूनबी मी अडखळतो. पन वाचतो. पान चुकवत नाई. वाचता वाचता कवातरी देवाशी परत बोलनं सुरू झालं, कोनत्या दिवशी ते सांगता येत नाई.

एक नियम मातर मी मोडला. आमच्या घरात वाचनाआधी चूप बसाचं नाई. पोरगी रडो, हसो, कोनी कोनाले हाका मारो, दारात कोनी आलं तर या म्हनाचं. नातवंडं लहान होती तवा पहाटे उठून कल्ला करत आन् जावई म्हने, "आई, वाचनाच्या वेळी तरी यांना चूप करा." मी म्हनो, "बोलू द्या. देवाले चालते."

त्या सुनेले हेच सांगाचं आहे, आन् जे कोनी हे वाचतील त्याईले बी. माझं नाव घेऊन कोनापुढं उदाहरन देऊ नका, मले ते सोसत नाई. तुम्हाले काम आहे हे मले माहीत आहे, मलेबी होतं. उद्या सकाळी चूल पेटवाच्या आधी घरातल्या ज्या मानसाले वाचता येत नाई त्याच्यापाशी दोन मिंटं बसा, आन् जिथी राह्यलं असेल तिथून त्याले वाचून दाखवा. वाचवत नसेल तर काऊन वाचवत नाई ते त्याले सांगून टाका.